पन्नास वर्षांची तीन कुलुपे

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते या गावच्या वाचनालयाचे ग्रंथपाल होते. हाती आलेला कागद नीट लावून ठेवल्याशिवाय ते घरी जात नसत, असे जुने सभासद सांगतात. अशा माणसाच्या नावाने बोलताना नोंदी, दप्तरे आणि त्यांच्या किल्ल्या या विषयावर बोलावे, असे मी ठरवले. उदाहरण मात्र दूरचे घेतले आहे. अमेरिकेचे 36 वे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी 1963 ते 1969 या काळात फोनवरची हजारो संभाषणे पलीकडच्या माणसाला न सांगता ध्वनिमुद्रित करून ठेवली. त्यांच्या ग्रंथालयात आज ती सुमारे 643 तासांची आहेत आणि कोणालाही ऐकता येतात.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी भरकटलो तर आपल्याला मला आवरता येईल. राज्यकर्त्याने पदावर बसून केलेले बोलणे जपून ठेवावे आणि योग्य वेळी लोकांच्या स्वाधीन करावे. नागरिकाचे चोरून ऐकलेले बोलणे मात्र पुसून टाकावे. यात कोणाला वावगे वाटणार नाही. पण सरकारांचा कल नेमका उलटा असतो. स्वतःचे बोलणे हवेत विरावे आणि दुसऱ्याचे आपल्या कपाटात राहावे, असे प्रत्येक सत्तेला वाटते. आजच्या गोष्टीत तीन कुलुपे आहेत आणि तिन्हींवर मुदत लिहिली होती 50 वर्षांची. त्यांतली दोन वेळेआधी उघडली गेली ते बरे झाले. तिसऱ्याविषयी मला वेगळे सांगायचे आहे.

बोट फिरले की पट्टा फिरे

गुप्त ध्वनिमुद्रण जॉन्सन यांनी सुरू केले नाही. 1940 मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या कचेरीखालच्या तळघरात एक यंत्र बसले होते. पत्रकारांनी आपले बोलणे वाकडे छापू नये, एवढाच त्यामागचा हेतू होता. जॉन केनेडी यांनी 1962 च्या उन्हाळ्यात बैठकांच्या खोलीत मायक्रोफोन लपवले. क्युबातील क्षेपणास्त्रांच्या पेचप्रसंगातील चर्चा आज आपल्याला शब्दशः मिळते ती त्यामुळे. केनेडींच्या टेप्समध्ये बैठकाच अधिक. फोनवरची संभाषणे फक्त 12 तासांची. जॉन्सन यांनी हे प्रमाण उलटे केले, कारण फोन हेच त्यांचे खरे हत्यार होते.

22 नोव्हेंबर 1963 रोजी डॅलसमध्ये केनेडींची हत्या झाली आणि त्याच संध्याकाळपासून जॉन्सन यांच्या संभाषणांची नोंद सुरू होते. यंत्र डिक्टाफोन कंपनीचे होते. कार्यालयात पत्रे सांगण्यासाठी वापरतात तसले. त्यावर प्लास्टिकचा एक पातळ पट्टा चढवायचा, सुई त्याच्यावर चर उमटवत जाई आणि सुमारे पंधरा मिनिटांत पट्टा भरे. बोलता बोलता जॉन्सन हवेत बोट गोल फिरवत. तो इशारा पाहिला की सचिव यंत्र चालू करी. बंद करायचे कधी राहून जाई, आणि मग राष्ट्राच्या कारभाराबरोबर घरगुती बोलणेही पट्ट्यावर उतरे.

हे सगळे कशासाठी? जॉन्सन टेक्सासचे. सिनेटमध्ये बहुमताचे नेते म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे मते जमवली होती. कोण काय कबूल झाला, कोणत्या शब्दांत झाला आणि उद्या तो फिरला तर त्याला काय ऐकवायचे, यावर त्यांचे राजकारण चाले. आज बोललेले उद्या टंकलिखित होऊन समोर येई. पुढे आठवणी लिहिताना उपयोग होईल, हाही विचार होता. इतिहासाची सेवा करावी म्हणून त्यांनी पट्टे भरले नाहीत. समोरच्याला बांधून ठेवण्यासाठी भरले.

29 नोव्हेंबर 1963 चे एक संभाषण याचा नमुना आहे. केनेडींच्या हत्येच्या चौकशीसाठी सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमायचा होता. जॉर्जियाचे सिनेटर रिचर्ड रसेल हे जॉन्सन यांचे राजकारणातले गुरू. शाळांमधील वर्णभेद बेकायदा ठरवणारे वॉरन त्यांना डोळ्यांसमोर नको होते. रात्री फोनवर रसेल परोपरीने सांगतात की, मला या माणसाबरोबर काम करता येणार नाही. जॉन्सन त्यांना शांतपणे कळवतात की, तुमचे नाव जाहीर करून झाले आहे. मग देशासमोरचे संकट, अणुयुद्ध झाले तर तासाभरात चार कोटी अमेरिकन मरतील ही भीती, जुना स्नेह, कर्तव्य, लाडीगोडी आणि दटावणी असे सगळे एकामागोमाग येते. रसेल शेवटी आयोगावर गेले. राजकारणात मन वळवणे म्हणजे काय, हे शंभर पानांचे चरित्र वाचून जेवढे कळणार नाही तेवढे या काही मिनिटांत कळते.

खासगीत शंका, जाहीर सभेत निश्चय

या टेप्समधले सर्वांत मोलाचे बोलणे व्हिएतनामविषयी आहे. 27 मे 1964 च्या सकाळी जॉन्सन याच रसेलना विचारतात की, या व्हिएतनामचे तुम्हाला काय वाटते? रसेल सिनेटच्या लष्करविषयक समितीचे अध्यक्ष होते, युद्धविरोधी चळवळीशी त्यांचा सुतराम संबंध नव्हता. ते म्हणतात की, इतका वाईट गुंता मी पाहिलेला नाही. सायगावमध्ये कोणीतरी असा माणूस गादीवर आणावा की जो आम्हाला चालते व्हा म्हणून सांगेल, अशी वाटही ते सुचवतात. जॉन्सन यांना ते पटते आणि पटतही नाही. पळून जाणाऱ्या अध्यक्षावर महाभियोग चालवतील, हे भय त्यांच्या तोंडून बाहेर पडते.

थोड्या वेळाने ते राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मॅकजॉर्ज बंडी यांना फोन करतात. रात्रभर जागा राहून याचाच विचार करतोय, म्हणतात. ही लढाई लढण्याच्या लायकीची नाही आणि त्यातून बाहेरही पडता येणार नाही, असे त्यांना वाटते. घरी कामाला असलेल्या एका सार्जंटकडे त्यांचे लक्ष गेलेले असते. त्याला सहा लहान मुले. याला मी कशासाठी तिकडे पाठवायचे, असा त्यांचा बंडींना प्रश्न आहे.

बंडींकडे त्याचे समाधानकारक उत्तर नव्हते. कोणाकडेच नव्हते. तरी दहा आठवड्यांनी, 7 ऑगस्ट 1964 रोजी, टोंकिनच्या आखातातील घटनांचा आधार घेऊन काँग्रेसने अध्यक्षांना युद्धाची मोकळीक दिली. प्रतिनिधिगृहात 416 विरुद्ध 0 आणि सिनेटमध्ये 88 विरुद्ध 2 असे मतदान झाले. मते देणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक होते की, ज्यांच्या हाती आपण हा अधिकार देतो आहोत त्यांना स्वतःलाच हे युद्ध निरर्थक वाटते. रसेलना ठाऊक होते, पण त्यांचेही मत ठरावाच्याच बाजूने पडले. मार्च 1965 मध्ये दा नांगच्या किनाऱ्यावर मरीन सैनिक उतरले. युद्ध संपेपर्यंत 58,000 हून अधिक अमेरिकन आणि लाखो व्हिएतनामी माणसे मेली.

ठराव मंजूर झाला त्याच्या दोनच दिवसांनी, 9 ऑगस्टला, जॉन्सन टेक्सासमधील हॅगर या कपड्यांच्या कंपनीच्या मालकाला फोन लावतात. त्यांना पँटी शिवून हव्या आहेत. खिसे खोल ठेवा, बसलो की चाकू आणि सुट्टे पैसे बाहेर पडतात. आणि जांघेत कापड थोडे जास्त सोडा, असे ते अत्यंत तपशीलवार सांगतात. ही टेप लोक हसण्यासाठी ऐकतात. मला ती वेगळ्या कारणाने महत्त्वाची वाटते. आपल्याला काय हवे ते इतके नेमके सांगणारा हा माणूस युद्धाविषयी बोलताना एक वाक्य पुरे करू शकत नव्हता.

जाहीर भाषणांवरून इतिहास लिहिला असता तर जॉन्सन हे ठाम आणि आंधळे युद्धखोर ठरले असते. टेप्स सांगतात की ते आंधळे नव्हते. यामुळे त्यांचा दोष कमी होत नाही. माझ्या मते तो वाढतो. चूक कळत नसताना करणाऱ्याला क्षमा करता येते. कळत असताना, निवडणूक आणि महाभियोग यांच्या भीतीने माणसे रणांगणावर धाडणाऱ्याला इतिहासाने सहज सोडू नये.

दुसऱ्या बाजूचे यंत्र

आता याच फोनवरचे एक निराळे बोलणे. 15 जानेवारी 1965 रोजी जॉन्सन मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी बोलतात. किंग यांचा तो छत्तिसावा वाढदिवस. विषय मताधिकाराचा. अलाबामा, मिसिसिपी, लुइझियाना अशा ठिकाणी कृष्णवर्णीयाला मतदार होऊ न देण्याचे सर्वांत लाजिरवाणे उदाहरण शोधा आणि ते रेडिओवर, टीव्हीवर, चर्चमध्ये सांगत सुटा, असे जॉन्सन सुचवतात. किंग त्यांना राजकारण्याला कळणारी गोष्ट ऐकवतात. दक्षिणेतली जी राज्ये तुम्ही निवडणुकीत हरलात, तिथे मतदारयादीत आलेल्या कृष्णवर्णीयांचे प्रमाण 40 टक्क्यांहून कमी होते. सात आठवड्यांनी अलाबामातील सेल्माच्या पुलावर मताधिकारासाठी निघालेल्या मोर्च्यावर लाठ्या चालल्या आणि 6 ऑगस्ट 1965 रोजी मताधिकार कायद्यावर सही झाली. कायदा कसा घडतो हे दाखवणारा असा दस्तऐवज क्वचित मिळतो.

पण किंग यांच्यावर त्या वेळी दुसरेही एक यंत्र चालू होते. ऑक्टोबर 1963 मध्ये तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांच्या मंजुरीने एफबीआयने त्यांच्या फोनवर टेहळणी सुरू केली होती. पुढे ते उतरत त्या हॉटेलांच्या खोल्यांतही मायक्रोफोन लावले गेले. नोव्हेंबर 1964 मध्ये त्या ध्वनिमुद्रणांतली एक टेप निनावी पत्रासह किंग यांच्याकडे पाठवण्यात आली. तुला आता एकच मार्ग उरला आहे, अशा आशयाचे ते पत्र. किंग यांनी ते आत्महत्येची सूचना म्हणूनच वाचले. ते पाकीट त्यांच्या घरी उघडले गेले 1965 च्या जानेवारीतच, म्हणजे अध्यक्षांशी झालेल्या त्या संभाषणाच्या महिन्यातच.

एकाच माणसाचा आवाज एकाच काळात दोन यंत्रांवर गुप्तपणे उतरत होता. दोन्ही सरकारचीच. एकावर देशाच्या कायद्याची चर्चा होती, दुसऱ्यावर खासगी आयुष्य. सत्तरीच्या दशकात सिनेटर चर्च यांच्या समितीने एफबीआयचे हे उद्योग चव्हाट्यावर आणले. 1977 मध्ये न्यायालयाने किंग यांच्यावरील टेहळणीच्या टेप्स आणि त्यांच्या प्रती राष्ट्रीय अभिलेखागारात 50 वर्षांसाठी मोहोरबंद ठेवण्याचा आदेश दिला. हे तिसरे कुलूप, न्यायालयाने लावलेले. त्याची मुदत 2027 ची.

निवडणुकीच्या तोंडावरचे पाकीट

आता 1968. जॉन्सन यांनी पुन्हा उभे न राहण्याचे जाहीर केले होते. 31 ऑक्टोबरला त्यांनी उत्तर व्हिएतनामवरील बॉम्बफेक थांबवली, पॅरिसमध्ये वाटाघाटी होणार असे ठरले. 2 नोव्हेंबरला दक्षिण व्हिएतनामच्या अध्यक्षांनी आम्ही येणार नाही म्हणून सांगितले. मतदान तीन दिवसांवर आले होते. अमेरिकन गुप्तचर दक्षिण व्हिएतनामच्या वकिलातीचे फोन आणि तारा ऐकत होते. त्यातून असे दिसले की रिपब्लिकन उमेदवार रिचर्ड निक्सन यांच्या प्रचारमंडळाशी जवळीक असलेल्या अ‍ॅना शेनो वकिलातीला निरोप देत होत्या. आत्ता वाटाघाटी करू नका, निक्सन आले की तुमचे अधिक भले होईल, असा त्यांचा सूर होता.

त्याच रात्री जॉन्सन यांनी सिनेटमधील रिपब्लिकन नेते एव्हरेट डर्कसन यांना फोन केला आणि हा देशद्रोह आहे असे सांगितले. डर्कसन यांनी ते नाकारले नाही. दुसऱ्या दिवशी स्वतः निक्सन यांचा फोन आला. आपला याच्याशी संबंध नाही, असे त्यांनी ठासून सांगितले. दोन्ही संभाषणे टेपवर आहेत. निक्सन यांचे सहकारी हॉल्डमन यांच्या हस्ताक्षरातील टिपणे पुढे अभ्यासकांच्या हाती लागली. वाटाघाटीत खीळ घालण्याच्या सूचना निक्सन स्वतःच देत होते, हे त्यांत दिसते.

जॉन्सन यांनी यातले काहीच जाहीर केले नाही. देशाचे नुकसान होईल, असे सल्लागारांचे मत पडले. शिवाय मित्रराष्ट्राच्या वकिलातीत आपण कान लावून बसलो होतो, हेही कबूल करावे लागले असते. मतदारांना काही न कळता मतदान झाले आणि निक्सन एक टक्क्याहून कमी मतांच्या फरकाने निवडून आले. वॉल्ट रॉस्टो या सल्लागारांनी ती कागदपत्रे एका पाकिटात घातली आणि जून 1973 मध्ये जॉन्सन ग्रंथालयाच्या स्वाधीन केली. वर लिहिले की 50 वर्षे उघडू नये. हे दुसरे कुलूप. ग्रंथालयाने ते 1994 मध्ये उघडले.

या पाकिटाने उघडण्याआधीच आपले काम केले होते. बॉम्बफेक थांबवण्याच्या निर्णयाविषयीची एक फाईल ब्रुकिंग्ज या संस्थेत दडली आहे, असा निक्सन यांचा समज झाला. 17 जून 1971 रोजी त्यांनी आपल्या माणसांना सांगितले की तिथे घुसा, तिजोरी फोडा, पण ती फाईल आणा. हे आपल्याला कळले ते कसे? निक्सन यांच्याच टेपवरून. जॉन्सन यांची यंत्रणा त्यांनी आल्याबरोबर काढून टाकली होती, पण फेब्रुवारी 1971 मध्ये स्वतःची बसवली. एप्रिलमध्ये त्यांच्या फोनलाही जोडली. ब्रुकिंग्जवर धाड पडली नाही. पण त्या फर्मानाला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, 17 जून 1972 ला, वॉटरगेट इमारतीतल्या विरोधी पक्षाच्या कचेरीत घुसलेली पाच माणसे पकडली गेली.

वॉटरगेटची पुढची कथा आपल्याला माहीत आहे; मी ती लांबवत नाही. एक फरक मात्र ध्यानात ठेवा. जॉन्सन यांच्याकडे बोट फिरवल्यावर यंत्र चालू होई, म्हणजे निवड त्यांची होती. निक्सन यांच्या खोलीत आवाज झाला की यंत्र आपोआप फिरू लागे. सुमारे 3,700 तास भरले. निवड करण्याची सोय गेली आणि माणूस स्वतःच्याच यंत्रात सापडला. 16 जुलै 1973 ला निक्सन यांचे माजी सहायक अलेक्झांडर बटरफील्ड यांनी सिनेट समितीपुढे हे गुपित सांगितले. 24 जुलै 1974 ला सर्वोच्च न्यायालयाने 8 विरुद्ध 0 मतांनी टेप्स द्या म्हणून बजावले. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश वॉरन बर्गर निक्सन यांनीच नेमलेले होते. 9 ऑगस्टला निक्सन पदावरून गेले.

किल्ली कोणाच्या कमरेला

अध्यक्षांचे कागद आणि टेप्स ही त्या काळी त्यांची खासगी मालमत्ता मानली जाई. त्यामुळेच राजीनाम्यानंतर निक्सन यांनी एका सरकारी खात्याशी करार करून टेप्स पुढे नष्ट करता येतील अशी तजवीज केली होती. डिसेंबर 1974 मध्ये काँग्रेसने कायदा करून तो करार मोडीत काढला. 1978 च्या कायद्याने, 1981 पासून पदावर येणाऱ्या अध्यक्षांची कागदपत्रे राष्ट्राच्या मालकीची झाली. वॉटरगेटचा खरा लाभ कोणता, असे विचाराल तर मी या कायद्याकडे बोट दाखवीन. एक अध्यक्ष गेला, दुसरा आला. दप्तराची मालकी बदलली ती कायमची.

जॉन्सन यांच्या टेप्स या कायद्याच्या आधीच्या. 22 जानेवारी 1973 ला ते वारले. आठवडाभरात त्यांच्या सहायक मिल्ड्रेड स्टेगल यांनी टेप्सच्या पेट्या ऑस्टिनमधील ग्रंथालयाकडे दिल्या. माझ्या मृत्यूनंतर 50 वर्षे उघडू नयेत, मग ग्रंथालयाच्या प्रमुखाने ऐकून वाटल्यास पुन्हा बंद कराव्यात, अशी जॉन्सन यांची इच्छा त्यांनी कळवली. पहिले कुलूप ते हे. तेव्हाचे प्रमुख हॅरी मिडलटन जॉन्सन यांचेच जुने भाषणलेखक. तरीही 1990 च्या दशकात त्यांनी टेप्स उघडायला सुरुवात केली. प्लास्टिकचे पट्टे झिजत होते. 2023 पर्यंत थांबले असते तर कुलूप शाबूत राहून आतला आवाजच नाहीसा झाला असता. 1992 मध्ये केनेडींच्या हत्येसंबंधीची सर्व कागदपत्रे खुली करण्याचा कायदा झाला, त्याचेही बळ मिळाले. लेडी बर्ड जॉन्सन यांनी पतीची अट पुढे करून आडकाठी केली नाही. राष्ट्रीय सुरक्षा आणि तिऱ्हाइताची खासगी बाब यांपुरते तुकडे वगळून, तारीखवार सगळे बाहेर येत गेले. फोनवरच्या शेवटच्या संभाषणांना 2008 साल उजाडले.

टेप आहे म्हणून ती सत्यच सांगते, असे मात्र समजू नका. आपण ध्वनिमुद्रित होत आहोत हे दोघांपैकी एकाला ठाऊक होते, आणि तो एक कसलेला नट होता. शिवाय ऐकण्यात चुका होतात. बाहेर पाकिस्तानचे राजदूत थांबले आहेत, असे जॉन्सन म्हणाले होते. लेखनिकाला ते बदमाशांचे टोळके थांबल्यासारखे ऐकू आले. इंग्रजीत ‘पाकिस्तान अ‍ॅम्बॅसॅडर’ आणि ‘पॅक ऑफ बास्टर्ड्स’ हे घरघरत्या पट्ट्यावर इतके जवळ येतात. म्हणून लिहून काढलेल्या मजकुराबरोबर मूळ आवाजही लोकांपुढे हवा. तसा तो आहे, म्हणूनच ही चूक सापडली.

आपले दप्तर

या गोष्टीत आपणही आहोत. नोव्हेंबर 1971 मध्ये इंदिरा गांधी वॉशिंग्टनला गेल्या. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांचा भार तेव्हा भारत सोसत होता. 5 नोव्हेंबरला निक्सन आणि त्यांचे सल्लागार हेन्री किसिंजर यांनी इंदिराजींविषयी आणि भारतीयांविषयी काढलेले अपशब्द टेपवर आहेत. ते 2005 मध्ये प्रसिद्ध झाले आणि किसिंजर यांना खेद व्यक्त करावा लागला. किसिंजर यांच्या कचेरीत सचिव जोडफोनवर ऐकून त्यांचे प्रत्येक संभाषण टंकलिखित करीत. पद सोडताना ते कागद त्यांनी खासगी म्हणून नेले. अभ्यासकांनी पाठपुरावा केला आणि 2004 मध्ये सुमारे 20,000 पाने खुली झाली. डिसेंबर 1971 च्या युद्धात शस्त्रबंदी असतानाही इराण आणि जॉर्डनमार्फत पाकिस्तानला लढाऊ विमाने देण्याची खटपट कशी चालली होती, हे या टेप्स आणि कागदांतून दिसते.

त्या दिवसांत दिल्लीत फोनवर काय बोलले जात होते? इंदिराजींचे सल्लागार पी. एन. हक्सर यांनी आपले कागद जपून ठेवले म्हणून थोडे कळते. बाकी आपल्या युद्धाचा इतिहास आपण परक्यांच्या दप्तरातून वाचतो. 1962 च्या पराभवाचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल 1963 चा. सरकारने तो अजून खुला केलेला नाही.

नागरिकांचे बोलणे ऐकण्याची व्यवस्था मात्र आपल्याकडे 1885 च्या टेलिग्राफ कायद्यापासून आहे. 1988 मध्ये फोन टॅपिंगच्या आरोपावरून कर्नाटकचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांनी राजीनामा दिला. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर बंधने घातली. टॅपिंगचा आदेश गृहसचिवाचा हवा, त्याला मुदत हवी आणि त्याची फेरतपासणी व्हावी, असे ठरले. मुदतीनंतर ही ध्वनिमुद्रणे नष्ट करावीत, हेही नियमात आहे आणि ते योग्यच आहे. पण फेरतपासणी करणाऱ्या समितीत सचिवच बसतात. सरकारने सरकारलाच विचारायचे, अशी ही तपासणी आहे. 2023 च्या नव्या दूरसंचार कायद्यानेही हे बदललेले नाही.

आपल्या मुंबईतल्या एका खटल्याने या प्रश्नाची दुसरी बाजू फार पूर्वी मांडली होती. मुंबईचे कॉरोनर मालकानी यांच्यावर लाच मागितल्याचा आरोप होता. 1964 मध्ये पोलिसांनी तक्रारदाराच्या संमतीने त्याचे फोनवरचे बोलणे ध्वनिमुद्रित केले होते. मालकानी विरुद्ध महाराष्ट्र सरकार या खटल्यात 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुरावा ग्राह्य धरला. निरपराध नागरिकाचे संभाषण न्यायालय जपेल, अपराध्याला मात्र या संरक्षणाआड दडता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. मी तेच तत्त्व एक पाऊल पुढे नेतो. पदाच्या नावाने बोललेले शब्द पदाचे असतात, माणसाचे नव्हेत. आणि पद लोकांचे असते.

म्हणून तिसऱ्या कुलपाविषयी माझे मत असे. किंग यांच्या टेप्स उघडू नयेत. इतिहासकारांत याविषयी मतभेद आहेत, ते मी जाणतो. पण सरकारने त्यांचा छळ कसा केला, आदेश कोणी दिले, टेप कोणी पाठवली, हे चर्च समितीने आणि खुल्या झालेल्या कागदांनी सांगितले आहे. त्या खोल्यांत काय ऐकू आले, हा एका नागरिकाच्या घरातला ऐवज आहे. तो चोरून मिळवला आहे. चोरीचा माल पन्नास वर्षांनी सार्वजनिक होत नाही.

श्रोतेहो, आपल्या नेत्यांचे फोन चोरून टेप करा, असे मी सुचवत नाही. जॉन्सन यांनी समोरच्याशी केला तो विश्वासघातच होता. आपल्याला उघड, कायदेशीर नोंद हवी. आज कित्येक निर्णय फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर होतात, फाईलवर मागाहून कोरडी सही येते. तोंडी आदेश ज्या दिवशी दिला त्याच दिवशी फाईलवर चढलाच पाहिजे, अशी मागणी आपण केली पाहिजे. 1993 च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यात सरकारी दस्तऐवज बेकायदा नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तो कायदा वापरात आणायला लावला पाहिजे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8(3) प्रमाणे वीस वर्षांपूर्वीच्या बहुतेक घटनांची माहिती मागता येते, ती मागा. टॅपिंगच्या आदेशावर न्यायाधीशाची नजर असावी, असा आग्रह आपल्या आमदार-खासदारांकडे धरा. आणि आपल्यापैकी कोणाच्या घरी सार्वजनिक काम केलेल्या वडीलधाऱ्यांचे कागद पेटीत पडून असतील, तर ते रद्दीत न घालता जवळच्या वाचनालयाकडे किंवा पुराभिलेखागाराकडे द्या. पुण्याचे पेशवे दफ्तर कोणीतरी जपले म्हणून आपल्याला अठरावे शतक वाचता येते. विसावे आणि एकविसावे वाचता यावे, ही जबाबदारी आता आपली आहे.